पायाळूने बोलू नये

हुडकेश्वर, नागपूर
८ नोव्हेंबर २०२५

ती. मनकर्णाबाईस,
शि. सा. नमस्कार.

बुधवारी सकाळी मी गोपाळरावांच्या पाठीवर पाय ठेवला आणि तो लवकर उचलावासा वाटला नाही.

गोपाळराव तुला माहीत नाहीत. मागच्या गल्लीत मुलगा-सुनेकडे राहतात. एसटीच्या डेपोत होते, आता निवृत्त आहेत. दसऱ्यानंतर त्यांची कंबर धरली. मी पायाळू आहे, मायच्या पोटातून पायाकडून आलो, हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. या वस्तीत मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, पण अशी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. आता दर बुधवारी दिवस निघायच्या आधी दोन-तीन माणसं येतात आणि गोपाळराव सगळ्यांत आधी. तोंड न धुता, बाशा तोंडानं येतात, उंबरठ्यावर पालथे पडतात, मी उजवा पाय तीनदा लावतो, ते उठतात आणि मागे न पाहता जातात. मी काही विचारत नाही, ते काही सांगत नाहीत. मायनं घालून दिलेली रीत मी इथेही मोडली नाही.

थंडी सुरू झाली आहे. पहाटे फरशीवर उभं राहिलं की तळव्यातून गारठा वर चढतो. गोपाळरावांची पाठ मात्र गरम होती. बनियनमधूनसुद्धा ऊब लागत होती. नंदिनी गेल्यापासून माणसाच्या अंगाची ऊब मला कुठे लागली नव्हती. शाळेच्या ऑफिसात दिवसभर माणसं असतात, प्रताप नगरहून बसने येताना खांद्याला खांदा लागतो, पण ते वेगळं. साहिल रविवारी हैदराबादहून फोन करतो. दोघंही एकमेकांना जेवण झालं का ते विचारतो आणि मग दोघांनाही पुढे काही सुचत नाही. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला जातो. डोळे मिटून बसल्यावर बरं वाटतं, पण घराचं कुलूप पुन्हा मलाच उघडावं लागतं.

तर मी पाय थोडा जास्त वेळ ठेवला. यात पाप नसावं.

भाऊबीजेला आलो तेव्हा गोठा रिकामा पाहून चुकल्यासारखं झालं. पण गाय दिलीस ते बरं केलंस, एकटीनं किती करशील. तू खुर्चीवर बसून ओवाळलंस तेव्हा मी हसलो, त्याचा राग धरू नको. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून लिहितो. खरं म्हणजे मलाही लिहिलेलंच बरं वाटतं.

तुझा
मारोती

*

पिंपळखुटी, ता. भिवापूर
१९ नोव्हेंबर

चि. मारोतीस अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. पोस्टमन शेजारच्या काजलपाशी देऊन जाते. काजल म्हणे, बाई, वाचून दाखवू काय? मी म्हटलं, माहे कान गेले आहेत, डोये नाही.

तू त्या गोपाळरावाच्या पाठीवर पाय ठेवून काय इचार करत बसतं गा? पाय लावाचा अन् मोकळं व्हाचं. दुसरं लगन कर म्हटलं तं नाही म्हणते, अन् आता म्हाताऱ्याच्या पाठीची ऊब सांगून राहिला मले.

मायनं काय सांगतलं होतं ते ध्यानात ठेव. पाय पाठीवर असताना पायाळू बोलला का त्याचा गुण गेला, जलमभराचा गेला. दुखणं इचाराचं नाही, त्यानं सांगाचं नाही. तू लहान होता तं तोंडातून शब्द निंगू नये म्हणून माय तुह्या तोंडात गुयाचा खडा देऊन ठेवे. लोकं आंगणात बसून राहत अन् तू झोपेतून उठत नव्हता, मी तुले कडेवर घेऊन लोकाईच्या पाठीवर तुहा पाय टेकवो. आठवते का तुले? मले आठवते. तुहा पाय एवढासा होता.

एक काम कर. तुही एक जुनी चप्पल पाठवून दे. उजव्या पायाची पाहिजे, घासलेली. गोठ्याच्या दाराले बांधाची आहे, नजर लागते. नवी घेऊन पाठवू नको, तुही वापरलेलीच पाहिजे.

गावात समदं ठीक आहे. मीही ठीक आहे.

मनकर्णा

*

हुडकेश्वर, नागपूर
१ डिसेंबर

ती. बाईस नमस्कार.

चप्पल पार्सलनं पाठवली आहे. पोस्टातल्या बाईंनी आत काय आहे विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "एकच? दुसरी कुठाय काका?" मी म्हटलं, दुसरी घरी आहे. "मग तिकडचे एका चपलेचं काय करतील?" मागचे लोक हसायला लागले. मीही हसलो. घरी आल्यावर दारापाशी डावी चप्पल एकटी दिसली, ती उचलून आत ठेवली.

गुळाचा खडा मला आठवतो. तुझ्या कडेवरचं आठवत नव्हतं, तू लिहिल्यावर आठवल्यासारखं झालं. आता मला कडेवर घेतलेलं आठवणारं जगात तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

गोपाळराव बारीक झाले आहेत. बनियन खांद्यावरून लोंबतं. उठताना आधी गुडघ्यावर येतात, मग चौकट धरतात. मागच्या बुधवारी मी हात द्यायला वाकलो तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. परवा भाजीच्या गाड्यावर भेटले. आम्ही मेथीबद्दल बोललो. यंदा मेथी कोवळी येत नाही, असं ते म्हणाले, आणि मी होय म्हटलं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली तेव्हा तोंडावर कळ आलेली मला दिसली. विचारावं असं जिभेवर आलं होतं. पण रीत आठवली, आणि एक भीतीही वाटली ती तुला सांगतो. विचारलं आणि गुण गेला तर बुधवारी कोण येईल?

पाठ अजून गरम लागते. मी प्रार्थनेत त्यांचं नाव घेतो.

संक्रांतीला येऊ का? दोन दिवस राहीन म्हणतो.

तुझा
मारोती

*

पिंपळखुटी
१४ डिसेंबर

चि. मारोतीस आशीर्वाद.

चप्पल पोचली. चांगली घासलेली आहे, टाचेपाशी तं पार पातळ झाली. दाराले बांधली. लय गुण आहे तिचा.

संक्रांतीले येऊ नको. मी भजनवाल्या बायाईसंगं बाहेरगावी जाणार आहे. घरी कुलूप राहीन. उन्हाळ्यात ये.

गोपाळरावाले काही इचारू नको. माणूस बारीक होते, जाड होते. वय झालं का होतेच. त्याले बरं वाटते म्हणून तं येते ना तो? मंग? तू आपला पाय लाव.

अक्षर वाकडं आलं आहे, समजून घेजो. थंडी लय आहे, खाटेवर पडूनच लिहून राहिली.

मनकर्णा

*

हुडकेश्वर, नागपूर
४ जानेवारी २०२६

ती. बाईस नमस्कार.

हे पत्र लिहायला उशीर झाला. हात उचलत नव्हता.

गेल्या महिन्याच्या शेवटी एका बुधवारी गोपाळराव आले नाहीत. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांची सून श्वेता माझ्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही. सासऱ्यांचे पाय सकाळी उचललेच नाहीत, दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या, मणक्याचा क्षय निघाला. दोन-तीन महिन्यांपासून अंगात बारीक ताप होता म्हणाली. घरात कोणाला कळला नाही, कारण ते अंगाला हात लावू देत नसत. सक्करदऱ्याला जाऊन सुया टोचून घेतल्या होत्या, चुंबकाचा पट्टा बांधत होते, रुईची पानं गरम करून शेकत होते. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचे, मला बुधवारी आराम पडतो.

मग ती म्हणाली, "काका, तुमचा पाय तर दर आठवड्याला त्यांच्या पाठीवर होता. तुम्हाला काहीच लागलं नाही?"

बाई, मला लागलं होतं. मी तुला लिहिलंही होतं. त्यांच्या तापाला मी ऊब म्हणत होतो.

मी दवाखान्यात गेलो. ते उताणे पडले होते. इतक्या दिवसांत त्यांचं तोंड मी नीट पहिल्यांदा पाहिलं. मी म्हटलं, तुम्ही मला सांगायचं होतं. ते म्हणाले, "घरी कोणी इचारत नव्हतं, तुम्हीबी इचारलं नाही. मले वाटलं, इचारण्यासारखं काही नसंन." एवढंच बोलले. नंतर मला म्हणाले, थांबा थोडं. मी भेटीची वेळ संपेपर्यंत थांबलो.

डॉक्टर म्हणतात औषधानं बरे होतील. औषध बरेच महिने घ्यावं लागेल आणि पायात ताकद किती येईल ते आज सांगता येत नाही. आणखी उशीर झाला असता तर आली नसती.

मायला मी दोष देत नाही. साधी चमक भरलेली माणसं माझ्या पायानं बरी झालेली मी पाहिली आहेत. कदाचित ती आपोआपही झाली असती, पण कोणीतरी हळू पाय ठेवला याचंही त्यांना बरं वाटलं असेल. ते मी खोटं मानत नाही. पण न विचारणं हे पुण्य कसं झालं, ते आता मला समजत नाही.

आणि या दोन-चार दिवसांत दुसरं एक मनात आलं. रात्री नाही, भर दुपारी, ऑफिसात फाइल बांधता बांधता. तू मला खरं उत्तर दे. गोठ्यात गाय नाही. मग तिथे नजर कोणाला लागते? खुर्चीवर बसून ओवाळलंस. खाटेवर पडून लिहितेस. उजव्या पायाचीच चप्पल पाहिजे म्हणालीस.

बाई, चप्पल कुठे आहे?

मारोती

*

पिंपळखुटी
१२ जानेवारी

चि. मारोती,

गादीखाली आहे.

पोळ्याच्या आधी गोठ्यात पाय घसरला, बसलीच मी. तवापासून पाठीत कळ राहते. गाय त्यापायीच देल्ली. इथं मालिशवालीनं चोळून पाह्यलं, बिब्बा लावला, कातडं तेवढं भाजलं. मंग इचार केला, माहा भाऊ पायाळू आहे अन् मी काहून दुसऱ्याच्या दारात जाऊ? पण तुले सांगतलं असतं तं तू पाय लावाले आला नसता, मले ओढून दवाखान्यात घेऊन गेला असता. मी तुले वळखतो.

म्हणून चप्पल मांगतली. सकाळी बाशा तोंडानं पालथी पडतो अन् हात मागं नेऊन पाठीले लावतो. तीनदा. पहिले-पहिले लय बरं वाटे. आता हात मागं जात नाही. काजलले लाव म्हटलं तं ते हसते.

भजनाले कुठी जाणार नव्हती. तू येशीन अन् मी उठतो कशी ते पाहशीन, म्हणून लिहिलं होतं.

आता समजलंच आहे तं एक डाव ये. बुधवारी दिवस निंगाच्या आधी. खरा पाय लाव. सोताचा पाय असताना चपलेवर किती दिवस काढू? पण शपथ घे, बोलणार नाही. त्या म्हाताऱ्याचं झालं म्हणून माहंबी तसंच असंन असं नाही. मले ताप नाही. मी पाहून घेतलं.

तुही वाट पाहतो.

मनकर्णा

*

पिंपळखुटी
९ फेब्रुवारी

मारोती,

घरी पोचली. काजलनं खाट झाडून ठेवली होती. पट्टा बांधूनच बसली आहे, गोया घेऊन राहिली. हे सांगाले पत्र नाही लिहीत.

तू मले दवाखान्यासाठी नागपूरले नेलं, तुह्या घरी होती तितके दिवस मी तुह्यासंगं बोलली नाही, कारण माहा राग जात नव्हता. तुनं शपथ घेतली होती. तू इथं आला, मी माह्या उंबरठ्यावर पडली, तू पाय ठेवला, मले तुहा तळवा लागला, एकदम हलका, जसा कडेवर असताना लागे. अन् तू तिथंच बोलला, बहिरीलेबी ऐकू येईन एवढ्या मोठ्यानं. पाय पाठीवर असताना बोलला. "बाई, कुठं दुखते? कधीपासून दुखते?" मी तोंड दाबून पडली होती, का माह्याकडून तरी रीत मोडू नये. तुनं पाय काढला, खाली बसला अन् पुन्हा इचारलं. मंग मले रडू आलं अन् मी समदं सांगतलं. माहा नवरा गेला तवापासून मले असं कोणी इचारलं नव्हतं. पण म्हणून तुनं सोताचा गुण घालवाचा?

डॉक्टरीणबाई म्हणे का हाडं ठिसूळ झाली आहेत, मणका दबला आहे. यावर कोणी जोर देल्ला असता तं खाटेवरून उठली नसती, असं तुले म्हणताना मी तिच्या तोंडाकडं पाहत होती, ऐकू नाही आलं तरी समजलं. ठीक आहे. ते तुहं खरं झालं. पण गुण गेला तेबी खरं आहे. मायचा शब्द खोटा नसते.

आता माहं ऐक. तू बोलला हे दोघालेच माहीत आहे, तुले अन् मले. नागपूरच्या लोकाले काय समजते? तू पाय लावत राय. साधी चमक असंन तं तशीबी जाते. बाकीच्याईले दवाखाना सांग पाहिजे तं मागाहून. पण पाय बंद करू नको. गुण गेला म्हणून सांगशीन तं तुह्या दारात कोण येईन? पोरगं हैदराबादले, बायको देवाघरी, बहीण इथं बहिरी. तू कोणाचं तोंड पाहशीन गा सकाळी?

मी तुह्यासाठी सांगून राहिली.

मनकर्णा

*

हुडकेश्वर, नागपूर
२२ फेब्रुवारी

ती. बाईस शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र आलं आणि लगेच बुधवार आला. मी तुझं ऐकलं. दोन माणसं आली, मी पाय लावला, बोललो नाही. एकजण उठून सरळ चालत गेला, म्हणजे त्याला बरं वाटलं असावं. पण माझ्या पायाला काही कळलं नाही. लाकूड ठेवल्यासारखं वाटलं. ती माणसं माझ्यावर भरवसा ठेवून पालथी पडली होती आणि माझ्या मनात एकच होतं, की ही गेली की आज दिवसभर कोणी येणार नाही. त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसलो, पण डोळे मिटता आले नाहीत.

गोपाळराव घरी आले आहेत. काठी घेऊन खोलीतल्या खोलीत फिरतात. मी शाळेतून येताना त्यांच्याकडे बसतो. श्वेता चहा आणून ठेवते, माझ्याशी अजून बोलत नाही. गोपाळराव मात्र बोलतात. डेपोतल्या गाड्यांची इंजिनं कशी आवाजावरून ओळखायचे ते सांगतात. कधी दोघंही गप्प असतो. ते गप्प बसणं वेगळं असतं.

तू गेल्यावर इथल्या खाटेखाली ती चप्पल सापडली, पिशवीतून सोबत आणली असशील. तू मुद्दाम ठेवून गेलीस की विसरलीस? तळाला पार गुळगुळीत झाली आहे. डावीच्या शेजारी ठेवली तर जोडीची वाटत नाही.

या बुधवारी पहाटे सक्करदऱ्याकडून एकजण आला. नागसेन नाव, नंतर कळलं. चाळिशीच्या आतला, सिमेंटच्या दुकानात माल उतरवतो. रीत कोणी तरी त्याला नीट सांगितली असावी, कारण तो काही न बोलता उंबरठ्यावर पालथा पडला आणि तोंड हातांत लपवलं. मी उभा राहिलो. पाय उचलला नाही. फरशी गार होती. बाहेर अजून उजाडलं नव्हतं आणि त्याची पाठ श्वासाबरोबर हलताना दिसत होती. मला वाटलं, आजच्या दिवस लावावा. पुढच्या बुधवारी सांगता येईल.

मग मी त्याच्या डोक्यापाशी खाली बसलो.

"उठा भाऊ," मी म्हटलं. "माझा पाय आता चालत नाही. मी पाय ठेवून बोललो, गुण गेला."

तो कोपरावर उठला. रीत मोडली म्हणून तो घाबरला असं आधी वाटलं. म्हणाला, "कोणासंगं बोलले?"

"बहिणीसंगं."

तो उठून बसला. कंबर धरूनच बसला. म्हणाला, "बहिणीसंगं बोललं तं काय झालं?"

मी त्याला विचारलं, कुठं दुखते, कधीपासून, पायाला मुंग्या येतात का, ताप येतो का. तो उंबरठ्याच्या त्या बाजूला आणि मी या बाजूला. त्यानं सगळं सांगितलं. मुंग्या येत होत्या. मी म्हटलं, आजच दवाखान्यात जा, माल उचलू नका. शेकायचं, चोळायचं ते डॉक्टरला विचारून करा. जाईन म्हणाला. जाईल की नाही ते देव जाणे. चहाचं विचारलं तर उशीर होतो म्हणाला.

फाटकापाशी पोचल्यावर तो थांबला आणि त्यानं वळून पाहिलं. बाई, तू मला कडेवर घेत होतीस तेव्हापासून आजपर्यंत या पायाखालून कितीतरी माणसं उठून गेली. वळून पाहणारा हा पहिला.

तो गेल्यावर मी तोंड धुतलं, पूजा केली, दोन्ही चपला पायांत घातल्या आणि भाजीच्या गाड्यावर गेलो. तिथे सांगितलेलं दुपारपर्यंत सगळ्या हुडकेश्वरला कळतं. गाडीवाली मेथी निवडत होती. मी तिला म्हटलं, पाय बंद झाला आहे, गुण गेला, कोणी विचारलं तर असंच सांग. ती म्हणाली, म्हणजे आता तुमच्याकडे कोणी येणार नाही? मी म्हटलं, दुखणं सांगायला येऊ शकतात. तिनं एक जुडी माझ्या पिशवीत टाकली.

पुढच्या बुधवारी कोणी येणार नाही हे मला माहीत आहे. तुझं म्हणणं खरं ठरेल. पण मी सांगून आलो, आणि घरी आल्यावर दार लावलं नाही.

तुझा
मारोती